हॉस्टेलच्या नऊ जणी, दोन दिवस: जागा सुचवा, आणि पैशांचं कसं जमवता तेही सांगा

अर्धाचहा (२१ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:५०)

आम्ही नऊ जणी. १९९५ ते ९९ सांगलीला विश्रामबागेत इंजिनिअरिंगला होतो, चारही वर्षं हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर. बाहेर पडून यंदा पंचवीस वर्षं झाली म्हणून दोन दिवस एकत्र राहायचं ठरतंय. हे "ठरतंय" जूनपासून चालू आहे. ग्रुपवर तीनदा पोल झाला, तिन्ही वेळा "बघते" निवडून आलं.

सध्या चौघी पुण्यात (त्यात मी), एक ठाण्यात, एक वाशीला, एक बंगळूरला, एक मिरजेत. एक न्यू जर्सीहून डिसेंबरअखेर येणार आणि २० जानेवारीला परत जाणार. नवरे आणि मुलं नाहीत, हे एकमताने मंजूर झालेलं एकमेव कलम. नोव्हेंबर बाद, कारण आमच्यातली एक सरकारी पॉलिटेक्निकला शिकवते आणि तिला २० तारखेच्या मतदानाचं काम लागलंय. म्हणून ११-१२ जानेवारी, शनिवार-रविवार.

तिघींचे गुडघे बोलायला लागलेत, तेव्हा गड-किल्ले नकोत. रात्री दोनला मोठ्याने हसलो तर दार वाजवायला कुणी येऊ नये. बाकी अट नाही.

आता खरी अडचण. लोणावळ्याच्या पुढच्या एका रिसॉर्टचं कोटेशन आलं, माणशी साडेनऊ हजार. पाच जणींनी लगेच होकाराचे अंगठे टाकले, दोघी गप्प. मिरजवालीने लिहिलं, "तुम्ही जा गं, मला नाही जमायचं, सासूबाईंचं असतं." तिचं हे तिसरं "नाही जमायचं". सासूबाई अंथरुणाला खिळल्यात हे खरं आहे. पण तेवढंच कारण असेल असं मला वाटत नाही. तिच्या नवऱ्याचं दुकान दोन पुरांत गेलंय, एकदा २०१९ ला आणि सावरतंय तोवर २०२१ ला.

जागा सुचवा. आणि असं कुणाचं असेल तर तुमच्याकडे काय करतात तेही सांगा.

---

रिकामटेकडा (२१ ऑक्टोबर, रात्री ११:१५)

तारीख ठरली ना? मग निम्मी सहल झाली. आमचं गोवा २००३ पासून ठरतंय. मध्यंतरी आमच्यातल्या दोघांची मुलं त्यांच्या मित्रांबरोबर जाऊन आली.

---

हर्णैचा_लिलाव (२२ ऑक्टोबर, सकाळी ८:०५)

दापोली. डोळे झाकून दापोली. मुरूडला किंवा आंजर्ल्याला घरगुती सोय बघा, रिसॉर्ट नको. संध्याकाळी हर्णै बंदरात होड्या आल्या की लिलाव बसतो, समोर सुवर्णदुर्ग दिसत असतो. मासे तिथेच घ्यायचे आणि घरवाल्या वहिनींच्या हातात द्यायचे. तळणावळ वेगळी घेतात, पण पापलेट तोंडात पडलं की हिशोब कोण लावतो. कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते, गुडघ्यांची काळजी नको. हाताशी अजून एक दिवस असता तर दाभोळला फेरीबोटीत गाडी घालून धोपाव्याला उतरा आणि गुहागर करून या म्हणालो असतो.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे पाच तास धरा. रस्ता कसा आहे ते मला विचारू नका.

---

वऱ्हाडी_ठसका (२२ ऑक्टोबर, सकाळी ९:३०)

सगळे जण कोकणच सांगतेत बाप्पा. आमच्याकडं बी या ना एकडाव. चिखलदऱ्याले जानेवारीत अशी थंडी राहते का चहा कपात ओतेलोक गार. कॉफीचे मळे आहेत, गाविलगड आहे, अन् मेळघाटात सेमाडोहले मुक्काम केला तं रात्री दार वाजवाले अस्वलच येईन, दुसरं कोणी नाही.

---

अर्धाचहा (२२ ऑक्टोबर, सकाळी ९:५०)

@वऱ्हाडी_ठसका, यायला आवडेल हो, पण दोन दिवसांतला दीड गाडीत जाईल. दापोलीचं टिपून ठेवलंय. बंगळूर आणि मिरजवालीला ते आडबाजूला पडतं.

---

नगरी_ज्वारी (२२ ऑक्टोबर, दुपारी १:२०)

जानेवारी आहे आणि हुरड्याचं नाव कुणी काढलं नाही? शेतात आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, पोळत्या हातावर चोळून घ्यायची. सोबत लसणाची चटणी, दही, बोरं, ऊस. गुळभेंडी मिळाली तर उत्तम, सुरती पण गोड असते.

पण पाटी लावलेल्या कृषी पर्यटनात रविवारी जाऊ नका. आम्ही मागल्या वर्षी फसलो. दोनशे माणसं, स्पीकरवर गाणी, हुरडा वाटीत मोजून. मैत्रिणींपैकी कुणाच्या माहेरचं शेत असेल तर तिकडे जा. हुरडा खायला शेत ओळखीचं लागतं.

---

लालडबा (२२ ऑक्टोबर, दुपारी २:०५)

एक गोष्ट सगळे विसरताय. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, शिवशाहीला आणि शिवनेरीलासुद्धा, फक्त महाराष्ट्राच्या हद्दीत. नऊ जणींचा जाण्यायेण्याचा खर्च तिथेच निम्मा होतो. आमच्या सोसायटीतल्या बायका या जोरावर गेल्या दीड वर्षात अष्टविनायकापासून तुळजापूरपर्यंत सगळं करून बसल्यात. नवरे घरी कुकर लावतात. (त्या नवऱ्यांपैकी एक मी.)

मोठा गट असेल तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर अख्खी गाडी घेता येते. नऊ जणींना ती परवडायची नाही.

---

मुंबईची_लोकल (२२ ऑक्टोबर, दुपारी ४:४०)

मला एक कळत नाही, यात एवढं अवघड काय आहे? न्यू जर्सीवाली आहे, बंगळूरवाली आहे. दोघींनी मिळून मिरजवालीचे साडेनऊ हजार भरून टाकायचे आणि विषय संपवायचा. मैत्रीत कसला आलाय हिशोब? आणि एवढं करूनही तिला नसेल यायचं तर सोडून द्या. प्रत्येक वेळी सगळेच आले पाहिजेत हा हट्ट धरला की कुणीच जात नाही.

---

रिकामटेकडा (२२ ऑक्टोबर, दुपारी ४:५५)

आमच्या वेळी टीटीएमएम होतं. तुझं तू, माझं मी. वडापाव बारा आण्याचा होता तेव्हा ते सोपंही होतं.

---

पाणंद (२२ ऑक्टोबर, रात्री ११:३५)

एरवी मी इथे फक्त वाचते. आज लिहिते, कारण मी त्या मिरजवालीच्या जागी होते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बी.एस्सी.च्या सात जणींची सहल होती, महाबळेश्वरला. माझे पैसे परस्पर भरले गेले. मला कळलं ते निघायच्या आदल्या दिवशी, "तू फक्त बॅग घेऊन ये" असं. सगळ्या जीव लावणाऱ्या आहेत, मनात कुणाच्या काही नव्हतं. तरीही दोन दिवस मी सगळ्यांचे चहाचे कप विसळत होते. कुणी सांगितलं नव्हतं. पांघरुणं मी घडी घालत होते, फोटो मी काढत होते. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर आमची धाकटी म्हणाली, आई, एकाही फोटोत तू नाहीस.

स्ट्रॉबेरी विथ क्रीम घ्यायला थांबलो तेव्हा मी म्हणाले, मला आवडत नाही. मला खूप आवडते.

पुढच्या वर्षी मी सरळ तब्येतीचं कारण सांगितलं. त्यामुळे @मुंबईची_लोकल, "भरून टाका" म्हणणाऱ्याला ते सोपं वाटतं. धागाकर्तीने विचारलंय म्हणून सांगते, जागा स्वस्त निवडा. आणि ती तिच्यासाठी निवडली हे तिला कळू देऊ नका.

---

मुंबईची_लोकल (२३ ऑक्टोबर, सकाळी ७:५०)

@पाणंद, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माझी एक मैत्रीण गेल्या दोन वर्षांपासून येत नाही. तिला आज फोन करते.

---

निवृत्त_पेन्सिल (२३ ऑक्टोबर, सकाळी १०:१०)

आमची बॅच १९७४ ची. यंदा पन्नास वर्षं झाली. चाळीस जणांपासून सुरू केलं होतं, या वेळी चौदा आलो, त्यातले तीन मुलांचा हात धरून. एवढ्या वर्षांत आम्ही एकच नियम पाळला आहे, तो सांगतो.

आधी पैसे, मग जागा. तुम्ही उलट करता आहात. दिवाळीच्या सुमारास आमचा कोषाध्यक्ष एक स्टीलचा डबा घेऊन घरोघर फिरतो. डब्यात प्रत्येकाने बंद पाकीट टाकायचं, पाकिटावर नाव नाही. किती टाकायचे हे सांगितलेलं नाही. सगळी पाकिटं आली की एकदम फोडायची, एकूण रक्कम मोजायची आणि त्या रकमेत जे बसेल तिथे जायचं. एका वर्षी मोठ्या हॉटेलात गेलो. एका वर्षी एकाच्या गच्चीवर सतरंज्या टाकून झोपलो, कारण तेवढेच जमले होते. गच्चीवरचं वर्ष अजून सगळ्यांच्या लक्षात आहे, डासांमुळे.

आता कोषाध्यक्षाला जिने चढवत नाहीत, म्हणून पाकिटं आम्हीच नेऊन देतो. मुलांनी सांगितलं, मोबाइलवरून पाठवा. पण तिथे नाव दिसतं.

---

चकलीचा_सोऱ्या (२३ ऑक्टोबर, दुपारी १२:३०)

पेन्सिलकाका, डब्याची कल्पना भारी. आमच्याकडे भिशी आहे. अकरा जणी, दरमहा हजार रुपये. अकरा महिने चिठ्ठी निघते ती नेहमीसारखी एकीला. बाराव्या महिन्याचे अकरा हजार कुणालाच नाहीत, ते सहलीचे. त्यात होईल तेवढीच सहल. यंदा खंडोबाला पाल आणि मग चाफळ करून संध्याकाळी घरी. वर्षभर सगळ्यांनी सारखेच भरलेले असतात, त्यामुळे कुणी कुणाचं देणं लागत नाही. धागाकर्तीला यंदा उपयोग नाही, पुढच्या वर्षासाठी आत्तापासून सुरू करा.

---

बर्फातली_भाकरी (२३ ऑक्टोबर, दुपारी १:४५)

मी बोस्टनजवळ राहते आणि दर दोन वर्षांनी अशा गेटटुगेदरला येते. परदेशवालीच्या बाजूने दोन शब्द. आम्हाला विचारतच नाहीत हो! गृहीत धरतात की हिला पूल लागणार, हिला बुफे लागणार. पूल आमच्या सोसायटीत आहे, त्यात मी चार वर्षांत एकदा उतरले. मला संडास स्वच्छ हवा आणि पिण्याचं पाणी हवं, संपलं. बाकी मला झुणका-भाकर द्या, हॉस्टेलच्या जुन्या भानगडी द्या आणि रात्री नऊला जेट लॅगने पेंगायला लागले तर चिमटे काढून जागं ठेवा. त्या न्यू जर्सीवालीला एकदा विचारून बघा. माझी पैज आहे, तिने अंगठा दिला तो बाकीच्यांनी दिला म्हणून.

---

पंचगंगा_घाट (२३ ऑक्टोबर, दुपारी ३:२०)

मगाचपासून वाचतोय आणि डोकं धरून बसलोय. सांगलीच्या पोरी पंचवीस वर्षांनी भेटणार आणि लोणावळ्याला? अवो, सांगलीलाच जावा की!

मी कोल्हापूरचा. सांगलीचं कौतुक करायला आम्हाला जड जातं, तरी सांगतो. शनिवारी हरिपूर. चिंचांच्या झाडांखालनं रस्ता, पुढं कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. रविवारी सकाळी नरसोबाची वाडी. दत्ताचं दर्शन, मग बासुंदी आणि कवठाची बर्फी. तिथनं कुरुंदवाडवरनं खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ बघितलंय का कधी? बाराव्या शतकातलं, शिलाहारांचं. दारातच स्वर्गमंडप, अठ्ठेचाळीस खांब आणि मधोमध वरती छताला गोल मोकळं आभाळ. आणि शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही! सतीला घेऊन नंदी दक्षाकडं गेला, तो तिकडं नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात.

त्रिपुरी पौर्णिमेला, म्हणजे १५ नोव्हेंबरला गेला असता तर चंद्र त्या गोलावर आलेला बघायला मिळाला असता. पण तुमची मॅडम इलेक्शनला.

आणि मिरज किती लांब? दहा किलोमीटर. तिला "ये" म्हणायची गरजच नाही. तुम्हीच तिच्या दारात.

---

रिकामटेकडा (२३ ऑक्टोबर, दुपारी ३:३०)

कोल्हापूरकराने सांगली सुचवली. या धाग्याची प्रत छापून फ्रेम करा.

---

अर्धाचहा (२३ ऑक्टोबर, रात्री ११:५०)

@पाणंद, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले. २०१८ ला आम्ही पाच जणी अलिबागला गेलो होतो तेव्हा मिरजवालीही आली होती. मी आता जुने फोटो काढून बघितले. चार जणी आहेत.

@पंचगंगा_घाट, चार वर्षं सांगलीत राहून मी खिद्रापूर बघितलेलं नाही. वाडीला गेले होते ते फक्त "केटी (राहिलेला पेपर) सुटू दे" म्हणायला.

आज ग्रुपवर न लिहिता मिरजेला फोन केला. रिसॉर्टचं काढलंच नाही. म्हटलं, सांगलीला भेटायचं म्हणतोय. ती हसायलाच लागली. "सांगलीला? सांगलीत कोण सहलीला येतं गं?" मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "कुठल्या वारी?"

---

अर्धाचहा (५ नोव्हेंबर, सकाळी ११:००)

दिवाळी झाली, फराळ संपला, भांडण सुरू झालं. ठाणेवालीचं म्हणणं, "अख्खं वर्ष वाट पाहिली ती सांगलीसाठी? तिथनं बाहेर पडायला तर इंजिनिअर झालो." वाशीवालीचा तिला पाठिंबा. न्यू जर्सीवालीला विचारलं तर, @बर्फातली_भाकरी, तुम्ही पैज जिंकलात. तिने लिहिलं, "मला भडंग हवंय आणि आयर्विन पुलावरून चालायचंय. रिसॉर्टला मी का हो म्हटलं मलाच माहीत नाही."

बंगळूरवालीच्या मामांचा विश्रामबागेत बंगला आहे, मामा मुलाकडे असतात, घर बंद. किल्ली शेजारी. राहायचा प्रश्न सुटला. पेन्सिलकाकांचा डबा ठेवतोय, निघायच्या दिवशी नाही, आधीच. पुण्यातल्या पाकिटांसाठी मी फिरते, बाकीच्यांची पोस्टाने.

---

निवृत्त_पेन्सिल (५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०)

पोस्टाने पाठवताना आत पाकीट, बाहेर पाकीट. आणि डबा घट्ट झाकणाचा घ्या.

---

अर्धाचहा (१५ जानेवारी २०२५, रात्री ९:३०)

जाऊन आलो! वृत्तांत लिहायचं कबूल केलं होतं. टंकाळा (टाइप करायचा कंटाळा) आलाय, पण लिहिते.

आम्ही पुण्याच्या चौघी स्वारगेटहून एसटीने, अर्ध्या तिकिटात. वाहकाने चौघींकडे बघून विचारलं, "सांगलीला लग्न का?" मुंबईच्या दोघी महालक्ष्मीने पहाटेच उतरल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा ठाणेवाली मामांच्या ओसरीत पदर खोचून जाळी काढत होती. हीच ती, जिला सांगली नको होती. बंगल्यात तीन वर्षं कुणी राहिलेलं नाही. दोन बाथरूम, त्यातल्या एकातलाच गीझर चालू. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे आंघोळीचे नंबर लिहून काढले, हॉस्टेलच्या मागच्या अंगणात बंबाशेजारी असायचे तसे. मला तेव्हाही सातवा नंबर होता, आताही सातवा.

पाकिटं फोडली. आठ त्याआधीच माझ्याकडे होती. नववं मिरजवालीने शनिवारी स्वतःच्या हाताने डब्यात टाकलं. एकूण साडेतेवीस हजार, शिवाय एका पाकिटातून २०२३ मध्येच मागे घेतलेली दोन हजारांची गुलाबी नोट निघाली. ती कुणाची हे कुणी कबूल केलं नाही, पण आमच्यात भारतातल्या नोटांची खबर नसलेली एकच आहे.

मिरजवाली चारला आली. सासूबाईंजवळ जाऊबाई बसल्या होत्या, आठपर्यंत परवानगी. सगळ्या हरिपूरला गेलो. चिंचा आहेत अजून, पूर्वीएवढ्या दाट नाहीत. हळदीच्या पेवांबद्दल आम्हाला कॉलेजात असताना कुणी बोललं नव्हतं. जमिनीच्या पोटात खोल खड्डे, त्यात हळद भरून तोंड बंद करायचं, की ती वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. हे आम्हाला मिरजवाली सांगत होती. तिच्या सासऱ्यांचा हळदीचा व्यापार होता. २००५ च्या पुराने त्यांची पेवं गेली, तिथून त्यांच्या घराचं एकेक मागे पडत गेलं. पंचवीस वर्षांत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ती हे रडगाणं म्हणून सांगत नव्हती, वाटाड्यासारखं हात करून दाखवत होती, "इथपर्यंत पाणी होतं बघा." इंजिनिअरिंगमध्येही तीच आम्हाला सर्व्हेइंगचे प्रॅक्टिकल समजावून सांगायची.

संगमावर बसलो. सोमवारी पौर्णिमा, त्यामुळे चंद्र जवळजवळ भरलेला. भडंगाची पिशवी फिरत होती. फोटो काढायला ती उठली तेव्हा मी फोन तिच्या हातातून घेतला आणि घाटावर बसलेल्या एका कॉलेजच्या पोराला दिला. त्याने नऊ जणींचा नीट काढला. "काकू, जरा जवळ सरका" म्हणाला, त्याबद्दल त्याला माफ केलं.

रात्री दोनला हसलो. शेजारच्या आजोबांनी दार नाही वाजवलं, पण सकाळी किल्ली परत देताना म्हणाले, "हॉस्टेलच्याच का तुम्ही? तरीच."

रविवारी ती नव्हती. हे आधीच ठरलं होतं, तरी ट्रॅव्हलरमध्ये एक सीट मोकळी राहिली ती राहिलीच. वाडीला दर्शन झालं. पुरात पाणी देवळात शिरतं आणि पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वाराचा सोहळा. त्यात स्नान करायला लोक धावत येतात. सांगलीकराला पूर म्हणजे दुकानातला चिखल, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर तोच पूर पर्वणी. मला हे काही नीट उलगडलं नाही. बासुंदी मात्र उलगडली, दोन वाट्या.

खिद्रापूर. @पंचगंगा_घाट, तुमचे उपकार. काळ्या दगडाचं देऊळ, बाहेरून हत्तींची रांग पाठीवर अख्खी भिंत घेऊन उभी. स्वर्गमंडपात मधोमध एक गोल शिळा आहे, बरोबर वरच्या मोकळ्या गोलाखाली. आम्ही तिच्या कडेने उभ्या राहून वर बघत होतो. दुपारचं ऊन गोल होऊन खाली पडलेलं. पॉलिटेक्निकवाली एकदम मास्तरीण झाली, खांबांवरचा भार कसा खाली जातो ते सांगायला लागली. स्थापत्यची एकटीच आहे ती आमच्यात. तिचा तास पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी पूर्ण ऐकला.

संध्याकाळी मुंबईवालींना मिरजेहून गाडी पकडायची होती, म्हणून जाता जाता आठही जणी तिच्या घरी. दोन खोल्या आणि पुढे दुकान. सासूबाई पलंगावर, बोलतात स्वच्छ. त्यांनी एकेकीला जवळ बोलावून विचारलं, "तू कोण? पडद्याला आग लावणारी का?" (ती मी. १९९७. इस्त्री.) सगळ्यांच्या भानगडी त्यांना पाठ! मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "इतकी वर्षं ही मला तुमचं सांगते. मला वाटायचं, माझं मन रमवायला रचून सांगते."

खर्च १९,०४० झाला. उरलेले ४,४६० आणि गुलाबी नोट डब्यात. डबा मिरजेत ठेवून आलो. काल संक्रांतीचे तिळगुळाचे मेसेज येत होते, त्यात एक पोल आला, जानेवारी २०२६ चा, तीन तारखा टाकून. तिने पाठवलाय. त्यात "बघते" हा पर्यायच ठेवलेला नाही.

---

पाणंद (१५ जानेवारी, रात्री १०:२०)

फोटो इथे टाकू नका, पण तो मोठा करून घ्या.

---

मुंबईची_लोकल (१५ जानेवारी, रात्री १०:४५)

मी ज्या मैत्रिणीला फोन करते म्हणाले होते, तिने तेव्हा उचलला नाही. आज पुन्हा केला. गप्पा झाल्या. सहलीचं काही काढलं नाही.

---

चकलीचा_सोऱ्या (१६ जानेवारी, सकाळी ७:१५)

ट्रॅव्हलरला किती पडले? आम्हालाही वाडी-खिद्रापूर करायचंय, भिशीतून. आणि वाडीची वांगी आणलीत का?

---

अर्धाचहा (१६ जानेवारी, सकाळी ९:००)

दिवसभराचे ४,२०० घेतले, सांगली ते सांगली व्हाया मिरज, चालकाचं जेवण वेगळं. देवळात कोरीवकामाला हात लावू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

वांगी आणली, सोमवारी भोगीच्या भाजीला तीच घातली. कृष्णाकाठची, काटे टोचतात पण शिजतात लोण्यासारखी. फक्त परतताना घ्या. मी वाडीत उतरल्या उतरल्या तीन किलो घेतली आणि खिद्रापूर, मिरज सगळं ती पिशवी मांडीवर धरून केलं.